वाचकांचे प्रश्न : छापील फिल्म आणि साच्यातील सजावट

प्लास्टिकची वस्तू साच्यातून बाहेर पडल्यावर तिच्यावर छपाई करण्याऐवजी, छापलेली फिल्म आधीच साच्यात ठेवायची आणि तिच्यामागे वितळलेले प्लास्टिक सोडायचे, अशी पद्धत आपल्याकडील अनेक कारखान्यांत आता रुळत आहे. तिच्याविषयी या सदराकडे आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. चाकणच्या वाचकाला दिलेले उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण त्यांनी विचारलेल्या दोषावरून छापणारा आणि मोल्डर (साच्यात प्लास्टिक भरणारा) यांच्यात होणारे वाद वारंवार कानावर येतात आणि त्या वादात वाया जाणारा माल व वेळ खरोखर वाचवता येण्यासारखा आहे.

प्रश्न, वसईहून : आमच्या कारखान्यात श्रीखंड आणि दह्यासाठी पॉलिप्रोपिलीनचे डबे तयार होतात. सध्या प्रत्येक डबा ज्योतीवरून फिरवून मग त्यावर स्क्रीन छपाई करतो. डबे घेणाऱ्या डेअरीने आता साच्यातच लेबल बसलेला डबा मागितला आहे. हे लेबल कशाने चिकटते, आणि यंत्रसामग्रीवर केलेला खर्च भरून निघेल का?

उत्तर : या पद्धतीत गोंद लागत नाही. लेबल डब्याच्याच जातीच्या, म्हणजे पॉलिप्रोपिलीनच्या, फिल्मचे असते आणि त्याची जाडी साधारणपणे ५० ते ८० मायक्रॉन असते. रोबोचा हात थप्पीतून एक लेबल उचलतो आणि उघड्या साच्यात अशा रीतीने ठेवतो की छापील बाजू पोलादाला टेकेल आणि कोरी बाजू आत राहील. साचा मिटतो, २०० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाचे वितळलेले पॉलिप्रोपिलीन कोऱ्या बाजूवरून वाहते, त्या उष्णतेने फिल्मचा वरचा थर मऊ होतो आणि थंड होताना लेबल व भिंत एकजीव होतात. शाईची बाजू मात्र पाण्याने थंड ठेवलेल्या पोलादाला टेकलेली असल्यामुळे तिला धक्का लागत नाही. नखाने खरवडून लेबलची कड उचलली जात नाही, ती याच कारणाने.

आपण डबा ज्योतीवरून फिरवता, कारण पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३० डाइनच्या आसपास असते आणि शाई धरण्यासाठी ती ३८ किंवा त्याहून अधिक असावी लागते. लेबलच्या फिल्मलाही हा संस्कार लागतोच. परंतु तो फिल्म बनवणारा कारखाना सपाट रोलवर, कोरोना यंत्राने, म्हणजे विजेच्या झोताने, एकसारखा करून देतो, आणि छपाईही सपाट फिल्मवर ऑफसेट यंत्रावर होते. गोल डब्यावर स्क्रीनने जे कधीच साधत नाही, ते केशराच्या काड्यांचे छायाचित्र लेबलवर सहज उतरते ते यामुळे.

लेबल साच्याच्या भिंतीला धरून ठेवण्याचे काम स्थितिक विद्युत करते. रोबोच्या हातावरील ठोकळा लेबलला काही हजार व्होल्टचा भार देतो, पोलाद जमिनीशी जोडलेले असते आणि लेबल भिंतीला घट्ट बसते. ही वीज जितकी उपयोगी तितकीच त्रासदायकही आहे. कोरड्या हवेत थप्पीतील लेबले एकमेकांना चिकटतात आणि रोबो दोन लेबले एकदम उचलतो. पावसाळ्याच्या दमट हवेत भार लवकर ओसरतो आणि लेबल जागेवरून घसरते. वसईसारख्या समुद्रालगतच्या ठिकाणी लेबलांच्या थप्प्या यंत्रापाशी उघड्या न ठेवता बंद खोलीत, ठरावीक आर्द्रतेत ठेवण्याची व्यवस्था यंत्राच्या खर्चातच धरावी, असा माझा आग्रह आहे. आणखी एक जागा जपायची असते ती लेबलच्या खालच्या कडेची. गेट, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरण्याचे तोंड, तळाच्या मध्यावर असते. तेथून आलेले प्लास्टिक तळभर पसरून वळते आणि भिंतीवर चढू लागते. त्या वळणावर लेबलची कड किंचित उचललेली असली, तर प्लास्टिक तिच्या मागे, म्हणजे छापील बाजूकडे शिरते आणि डबा बाद होतो.

खर्चाचे उत्तर मागणीच्या स्वरूपावर अवलंबून आहे. रोबो, लेबलची थप्पी धरणारा साठा, भार देणारी यंत्रणा आणि त्यांना साजेसा साचा हा खर्च एकदाच होतो. त्याशिवाय लेबल ठेवण्यासाठी साचा प्रत्येक शॉटला, म्हणजे दर भरणीला, थोडा अधिक वेळ उघडा राहतो. त्याच्या बदल्यात ज्योत, छपाई, वाळवण आणि त्या तिन्हींमधील हाताळणी कायमची जाते, आणि आम्रखंडावरून श्रीखंडावर यायचे असेल तर केवळ थप्पी बदलावी लागते. एकाच लेबलची मागणी मोठी आणि वर्षभर चालणारी असेल तर हे गणित बसते. सणापुरते थोडे डबे वेगळ्या छपाईचे हवे असतील तर बसत नाही, कारण ऑफसेटवर थोडी लेबले छापून घेणे महाग पडते. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार किंमत, महिना, वर्ष यांसारखा मजकूर डब्यावर द्यावा लागतो आणि तो तर बदलत राहतो. म्हणून लेबलवर त्यासाठी एक कोरी चौकट सोडावी आणि तेथील वार्निश इंकजेटची शाई धरते की नाही, हे छापण्याची मागणी देण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

प्रश्न, नाशिकहून, तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याचा : पुस्तकात साच्यातील सजावटीच्या निरनिराळ्या पद्धतींची नावे एकमेकांत मिसळलेली दिसतात. त्यांतील नेमका फरक कसा लक्षात ठेवावा?

उत्तर : फिल्मचा कोणता भाग वस्तूवर राहतो आणि शाई कोणत्या बाजूला असते, हे दोन प्रश्न विचारले की नावांचा गोंधळ उरत नाही. वसईच्या वाचकांना सांगितलेल्या लेबलच्या पद्धतीत संपूर्ण फिल्म वस्तूवर राहते आणि शाई बाहेरच्या बाजूला, वार्निशखाली असते.

दुसऱ्या पद्धतीत फिल्म वस्तूवर राहतच नाही. पॉलिएस्टरच्या पातळ वाहक फिल्मवर आधी सुटा होणारा थर, मग कठीण संरक्षक लाख, मग शाईचे थर आणि शेवटी उष्णतेने चिकटणारा थर असा क्रम लावलेला असतो. ही फिल्म रोलच्या रूपात साच्याच्या दोन भागांमधून वरून खाली सरकत राहते. प्रत्येक शॉटपूर्वी डोळ्यासारखे काम करणारे संवेदक तिच्यावरील खुणा वाचून ती जागेवर आणतात. प्लास्टिकच्या उष्णतेने आणि दाबाने लाख व शाई वस्तूवर उतरतात, साचा उघडताना वाहक फिल्म सुटून येते आणि रोल पुढे सरकतो. लहान मुले वहीवर ओल्या कागदातून चित्र उतरवतात, तसाच हा प्रकार आहे, एवढेच की येथे पाण्याऐवजी उष्णता काम करते. जपानमध्ये क्योटोची निश्शा आणि जर्मनीत फ्यूर्त येथील कुर्झ या कंपन्या या क्षेत्रात जगभर ओळखल्या जातात. वॉशिंग मशीनचे दर्शनी पट्टे, लॅपटॉपचे झाकण, सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांची टोपणे या सपाट किंवा हलक्या वळणाच्या वस्तूंना ही पद्धत शोभते. खोल आकारात मात्र फिल्म फाटते किंवा चुणते.

तिसऱ्या पद्धतीत जाड फिल्म, बहुधा पॉलिकार्बोनेटची आणि पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीची, मागच्या बाजूने स्क्रीनवर छापतात, उष्णतेने आणि दाबाने तिला वस्तूचा आकार देतात, कडा कापतात आणि तयार झालेले कवच साच्यात ठेवून मागून प्लास्टिक भरतात. येथे शाई फिल्म आणि प्लास्टिक यांच्या मध्ये बंदिस्त होते. बोटांचा घाम, साफसफाईची द्रव्ये, घासपट्टी यांपैकी काहीच तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मोटारीतील बटणांचे पट्टे आणि मागून उजेड पडणारी चिन्हे याच पद्धतीने करतात. वापरात शाई सर्वांत सुरक्षित असणारी हीच पद्धत. पण मोल्डिंगच्या क्षणी शाई सर्वांत अधिक धोक्यात असते तीही याच पद्धतीत. ते कसे, हे पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न, चाकणहून : आम्ही मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेचा दर्शनी पट्टा तयार करतो. ३७५ मायक्रॉनची पॉलिकार्बोनेट फिल्म बाहेरून छापून व आकार देऊन येते आणि तिच्यामागे आम्ही पॉलिकार्बोनेट व एबीएस या दोन प्लास्टिकांचे मिश्रण भरतो. गेटजवळ काळी शाई विरते आणि तिच्याभोवती धुरकट कडे दिसते. छापणारे म्हणतात की आमचे तापमान जास्त आहे. शाई पुरवणारे म्हणतात की छापणाऱ्यांनी वाळवण नीट केलेली नाही. बॅरलचे, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळकांड्याचे, तापमान दहा अंशांनी उतरवले तर कडे लहान होते, पण दुसऱ्या टोकाला पट्टा अपुरा भरतो. काय करावे?

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तरीही माझ्या मते मूळ दोष बहुधा गेटमध्ये निघेल, म्हणून आधी तेथे पाहावे.

या पद्धतीत वितळलेले प्लास्टिक थेट शाईवर येऊन आदळते. मिश्रणाचे तापमान २४० ते २७० अंशांच्या दरम्यान असते. गेटच्या अरुंद तोंडातून वेगाने जाताना घर्षणामुळे ते आणखी वाढते, आणि हा आकडा बॅरलच्या पडद्यावर कधीच दिसत नाही. उलट शाईला धरून ठेवणारी राळ त्याच्या कितीतरी आधी मऊ होते. नेहमीच्या मोल्डिंगमध्ये प्लास्टिक थंड पोलादाला टेकताच त्याची पातळ साय धरते आणि पुढचा प्रवाह तिच्यावरून वाहतो. येथे मध्ये फिल्म आहे, आणि पॉलिकार्बोनेटची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साच्याच्या पोलादापेक्षा शंभरपटीहूनही कमी आहे. म्हणजे फिल्मच्या बाजूला साय उशिरा धरते आणि तोवर सगळा प्रवाह मऊ झालेल्या शाईला ओढत राहतो. गेटसमोरच्या जागेवरून तर शॉटमधील सगळे प्लास्टिक जाते; पट्ट्याच्या टोकाला मात्र केवळ प्रवाहाचे तोंड एकदा पोहोचते. शाई गेटपाशीच का विरते आणि टोकाला का नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

आता दोषाचा आकार भिंगाखाली पाहावा. शाई गेटपासून किरणांसारखी बाहेर ओढलेली असेल आणि कड्याच्या बाहेरच्या काठावर तिचा दाट साठा दिसत असेल, तर शाई वाहून गेली आहे. शाई जागेवरच असून तिच्याखाली बुडबुडे किंवा रुपेरी डाग असतील, तर शाईच्या थरात द्रावक शिल्लक राहिले आहे किंवा प्लास्टिकच्या दाण्यांत ओल आहे. मागच्या बाजूने फिल्म सोलली जात असेल आणि शाई दोन्ही पृष्ठांवर विभागली जात असेल, तर शाईचा थर आतूनच कमकुवत आहे. धातूसारखी चमक असणाऱ्या शाईत हे विशेष आढळते. आपण वर्णन केलेले धुरकट कडे बहुधा पहिल्या प्रकारात मोडते. खात्री करण्यासाठी सोपा प्रयोग आहे : होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवलेला दाब) बंद करून शॉट मुद्दाम अपुरे ठेवावेत, आधी पट्टा एक चतुर्थांश भरेल एवढे, मग अर्धा, मग पाऊण. पहिल्याच तुकड्यावर कडे पूर्ण दिसत असेल, तर प्रवाहाच्या पहिल्या आघातातच शाई गेली आहे आणि सुरुवातीचा वेग व गेटची दिशा पाहावी. कडे हळूहळू वाढत जात असेल, तर दीर्घ काळ वाहणाऱ्या उष्ण प्रवाहाचा तो परिणाम आहे आणि गेटचे क्षेत्र व त्यासमोरील भिंतीची जाडी पाहावी. या प्रयोगाला काही तुकडे आणि अर्धा तास लागतो, आणि त्याचे तुकडे टेबलावर मांडले की वाद बराचसा मिटतो.

उपायांत पहिला क्रमांक गेटचा. हॉट रनरचे, म्हणजे प्लास्टिक वितळलेलेच ठेवून साच्यात आणणाऱ्या गरम मार्गाचे, टोक सजावटीच्या फिल्मवर सरळ काटकोनात उघडत असेल, तर तो सर्वांत वाईट प्रकार आहे, आणि अशा साच्यावर महिनोन्महिने शाया बदलत बसण्यात अर्थ नाही. प्रवाह आधी कोअरच्या, म्हणजे फिल्मसमोरील साच्याच्या भागाच्या, पोलादावर किंवा एखाद्या बरगडीवर आदळावा, तेथे त्याचा जोर मोडावा आणि मग तो फिल्मकडे वळावा, अशी रचना हवी. पट्ट्याच्या लांब कडेवर पंख्यासारखे रुंद होत जाणारे गेट ठेवता आले, तर तेवढेच प्लास्टिक कमी वेगाने आणि मोठ्या रुंदीवर पसरते. छापणाऱ्याशी बोलून फिल्मची कड गेटच्या बाजूला थोडी लांब ठेवता येते. शाई तेथपर्यंत न नेता ती पट्टी कोरी ठेवायची आणि मोल्डिंगनंतर कापून टाकायची. ज्या बाजूची कड गाडीत दुसऱ्या भागाखाली झाकली जाते, ती बाजू गेटसाठी निवडावी, हे तर साच्याचे रेखाचित्र होतानाच सुचायला हवे.

गेट बदलणे लगेच शक्य नसेल, तर भरण्याच्या वेगाचे टप्पे पाडावेत. गेटमधून प्रवाहाचे तोंड बाहेर पडून थोडे पसरेपर्यंत वेग कमी ठेवावा आणि मग वाढवावा. आपण तापमान दहा अंशांनी उतरवल्यावर पट्टा अपुरा भरला, कारण संपूर्ण शॉट थंड झाला. वेगाच्या टप्प्यांनी मात्र फक्त पहिला आघात सौम्य होतो आणि टोकापर्यंत जाण्याची ताकद शिल्लक राहते. दाणे किती वाळवले आहेत हेही पाहावे. या मिश्रणाला साधारण ८० ते १०० अंशांवर ३ ते ४ तास, आणि निव्वळ पॉलिकार्बोनेटला १२० अंशांवर तेवढाच वेळ लागतो. ओले दाणे केवळ रुपेरी डाग देतात असे नाही, तर पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या तोडून त्याचा कणखरपणाही घटवतात.

यानंतर छापणाऱ्याची पाळी येते, आणि त्याचा वाटा लहान नाही. शाई उच्च तापमानाला टिकणाऱ्या, पॉलिकार्बोनेटच्या मोल्डिंगसाठीच बनवलेल्या मालिकेतील असावी. जर्मनीतील प्रोल कंपनीची नोरिफॅन ही त्यांपैकी सर्वपरिचित आहे. नेहमीच्या नावपट्ट्यांसाठी वापरली जाणारी शाई फिल्मवर सुंदर दिसते आणि प्लास्टिकच्या पहिल्या स्पर्शाला वितळते. पाच-सहा रंग एकावर एक चढवताना प्रत्येक थर बोटाला कोरडा लागतो म्हणून तो कोरडा झाला असे मानणे घातक आहे, कारण खालच्या थरांतील द्रावक वरच्या थराखाली अडकून राहते आणि ते राळेला मऊ ठेवते. वाळवणाच्या बोगद्यातून काढल्यानंतर फिल्मचे पत्रे जाळीच्या मांडणीवर सुटे ठेवून, हवा खेळती ठेवून, काही तास गरम ओव्हनमध्ये शेवटचे वाळवण करावे लागते. थप्पी लावून ते होत नाही. शेवटी, सर्व रंगांच्या मागे केवळ गेटभोवतीच्या भागात पारदर्शक बांधणी शाईचा एक जादा थर छापून घेता येतो. तो स्वतः थोडा झिजतो आणि रंग वाचवतो. गेट सुधारलेले असेल तर हा थर पुरेसा विमा ठरतो, पण गेट तसेच ठेवून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

हे सगळे वाचून आपल्या लक्षात आलेच असेल की साचा, छपाई आणि शाई या तिन्हींचे निर्णय एकाच वेळी, एकाच टेबलावर व्हायला हवे होते. आपल्याकडे बहुधा साचा आधी तयार होतो, छापणारा त्यानंतर शोधला जातो आणि शाई तो आपल्या कपाटातून निवडतो. नव्या पट्ट्याचे काम हाती घ्याल तेव्हा टूल रूमला, म्हणजे साचा बनवणाऱ्यांना, रेखाचित्र पाठवण्यापूर्वी छापणाऱ्याला बोलवा, ही विनंती मी मनापासून करतो.

प्रश्न, छत्रपती संभाजीनगरहून : फिल्मला आकार दिल्यावर गोल चिन्ह लंबगोल होते आणि सरळ रेघ वाकते. छपाईतच त्याची भरपाई कशी करावी?

उत्तर : आधी कलाकृती बाजूला ठेवून त्याच जाडीच्या फिल्मवर बारीक चौकटींची जाळी छापावी, तिला ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला आकार द्यावा आणि प्रत्येक चौकट किती व कोणीकडे ताणली गेली ते मोजावे. त्या मोजमापाच्या उलट दिशेने कलाकृती मुद्दाम विकृत करून छापली की आकार घेताना ती सरळ होते. संगणकावर ही भरपाई आधी अदमासाने काढता येते, पण खरी जाळी ताणून पाहिल्याशिवाय स्क्रीन बनवण्याचा खर्च करू नये.

ही जाळी मात्र तेव्हाच कामाची, जेव्हा दर वेळी ताण तसाच पडतो. फिल्म रोलमधून ज्या दिशेने निघाली ती दिशा सर्व पत्र्यांवर एकच ठेवावी, कारण त्या दिशेने आणि आडव्या दिशेने ती सारखी आकसत नाही. पहिला रंग चढवण्यापूर्वी कोरा पत्रा एकदा वाळवणाच्या बोगद्यातून काढून घेतला, तर तो जेवढा आकसायचा तेवढा आधीच आकसतो आणि पुढचे रंग एकमेकांवर नीट बसतात. पॉलिकार्बोनेट १५० अंशांच्या आसपास मऊ पडते. निव्वळ निर्वाताने आकार देताना त्याला पूर्ण मऊ करावे लागते आणि ताण बेभरवशाचा होतो. दाबलेल्या हवेने, म्हणजे दहापट किंवा त्याहून अधिक दाबाने, आकार दिला तर फिल्म तुलनेने थंड ठेवता येते आणि चिन्हे जागेवर राहतात. एवढे करूनही बारीक अक्षरे उभ्या भिंतीवर किंवा तीव्र वळणावर ठेवू नयेत. तेथे फिल्म पातळ होते, तिच्याबरोबर शाईही पातळ होते, आणि मागून दिवा लागला की काळ्या भागातून उजेड झिरपतो.

प्रश्न, कोल्हापूरहून, गृहिणी वाचकाचा : दह्याच्या डब्यावरील चित्र डब्याच्या भिंतीतच मिसळलेले असते असे वाचले. मग ती शाई दह्यात उतरते का? आणि असा डबा पुन्हा वितळवता येतो का?

उत्तर : शाई भिंतीत मिसळलेली नसते. ती लेबलच्या बाहेरच्या पृष्ठावर असते, आणि तिच्या व दह्याच्या मध्ये लेबलची फिल्म व डब्याची संपूर्ण भिंत असते. मात्र पॉलिप्रोपिलीन हा काचेसारखा अभेद्य पडदा नव्हे. शाईतील अगदी लहान रेणू त्यातून हळूहळू सरकू शकतात, आणि लेबले थप्पीत असताना एकाची छापील बाजू दुसऱ्याच्या कोऱ्या बाजूला टेकलेली असते. म्हणून अन्नाच्या डब्यांसाठी कमी स्थलांतर करणाऱ्या शाया वापराव्या लागतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंगविषयक विनियमांत अन्नाच्या वेष्टनावरील छपाईची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे असावी असे सांगितले आहे, आणि प्लास्टिकच्या डब्यातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांसाठी किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. आपला प्रश्न डेअरीलाही विचारावा, तिच्याकडे डब्याच्या तपासणीचा अहवाल असायला हवा.

पुनर्वापराच्या दृष्टीने हा डबा कागदी स्टिकर लावलेल्या डब्यापेक्षा सरस आहे. डबा आणि लेबल दोन्ही पॉलिप्रोपिलीनचे, तळाशी त्रिकोणात ५ हा एकच आकडा, ना कागदाचा लगदा ना गोंद. शाई मात्र वेगळी काढता येत नाही, त्यामुळे वितळवल्यावर मिळणारे दाणे करडे किंवा गडद रंगाचे होतात आणि ते कुंड्या, घमेली, क्रेट यांसारख्या वस्तूंना जातात. घरी आपण हाच डबा धुऊन डाळी-मसाल्यांना वापरत असाल, तर तोही चांगलाच उपयोग आहे. फक्त उकळते तेलकट पदार्थ त्यात ओतू नयेत.

प्रश्न, भोसरीहून : आमच्याकडे आधीच असलेल्या साच्यात फिल्म ठेवून काम सुरू करता येईल का? नवा साचा परवडणारा नाही.

उत्तर : सपाट झाकण असेल आणि त्यावर पातळ लेबल हवे असेल, तर बहुधा येईल. गेट आतल्या बाजूने असेल आणि लेबल जागेवर धरण्याची सोय करता आली, तर फार बदल करावे लागत नाहीत. जाड फिल्मचा प्रकार वेगळा आहे. भिंत २ मिलिमीटरची असेल आणि तीत ३७५ मायक्रॉनची फिल्म बसवली, तर प्लास्टिकला १.६२५ मिलिमीटरच जागा उरते. भरण्याचा दाब वाढतो, गेटपाशी घर्षण वाढते आणि चाकणच्या वाचकांचा दोष आपल्याकडे येतो. त्यातच फिल्मची बाजू उशिरा थंड होते आणि वस्तू एका बाजूला वाकते. साच्याच्या दोन्ही भागांचे पाणी स्वतंत्र तापमानाला ठेवता येत असेल, तर हा बाक बराच काढता येतो. जुन्या साच्यांत दोन्ही भाग एकाच चिलरच्या एकाच नळीवर असतात, तेवढी जोडणी आधी वेगळी करून घ्यावी.

छपाईवर एक रुपयाही घालण्यापूर्वी ठरलेल्या जाडीची कोरी फिल्म आणून हाताने कापावी, साच्यात दुहेरी चिकटपट्टीने बसवावी आणि काही शॉट काढून पाहावेत. यंत्र थांबवून आणि सुरक्षा दार उघडे असतानाच हात आत घालावा, हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. फिल्म चुणते का, प्लास्टिक तिच्या पुढच्या बाजूला शिरते का, गेटसमोर ती भाजते का आणि तुकडा थंड झाल्यावर सपाट टेबलावर बसतो का, हे चार प्रश्न त्या तुकड्यांवरूनच सुटतात. तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर ठेवून पाहावा, कारण बाक काही तासांनंतरही वाढत असतो. चारही उत्तरे मनासारखी आली, तरच छापणाऱ्याकडे जावे.